नंबर दिला म्हणजे परवानगी दिली का?

"भाऊ, नंबर सांगा." खामगावचं चांदीचं दुकान असो, चिखलीचं कृषी सेवा केंद्र असो की बुलढाण्यातलं मेडिकल, बिल करताना हे वाक्य आता हटकून येतं. गिऱ्हाईकही सवयीने दहा आकडे सांगून मोकळं होतं. पुढे दसऱ्याची ऑफर, दिवाळीची ऑफर, मकर संक्रांतीच्या शुभेच्छांखाली दुकानाचा लोगो, आणि एक दिवस ते गिऱ्हाईक निमूटपणे नंबर ब्लॉक करतं. दुकानदार मात्र खूश असतो, कारण आपला मेसेज पाचशे लोकांना गेला असं त्याला वाटतं. कोणी ब्लॉक केलं हे व्हॉट्सॲप कोणाला सांगत नाही.

दुकान, क्लास, लॉज, पार्लर, डेअरी, टेलरिंग असा स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मार्केटिंगला वेगळा माणूस ठेवणं त्यांना परवडत नाही, सगळं त्यांच्या एकाच मोबाईलवर चालतं. त्यांनी दोन गोष्टींचा विचार करायला हवा. गिऱ्हाईकाला कसं आणि कशाबद्दल कळवलेलं चालतं, ही पहिली. त्याच्यावर आपण किती नजर ठेवतो, ही दुसरी. माझं निरीक्षण असं की पहिली गोष्ट कोणी विचारत नाही आणि दुसरी मात्र नको तितकी केली जाते.

आधी कायद्याचं थोडक्यात उरकतो. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावलं होतं की मोबाईल नंबर दिला नाही म्हणून बिल किंवा सेवा अडवू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. या कायद्यात मेडिकल दुकानाचंच एक उदाहरण दिलं आहे. एक बाई औषध घेते आणि पैसे मिळाल्याची पावती मोबाईलवर पाठवा म्हणून स्वतः नंबर देते. दुकानदाराने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा, असं कायदा म्हणतो. त्याच नंबरवर पुढे मधुमेहाच्या गोळ्यांची सवलत पाठवायची तर ते निराळं काम झालं आणि त्यासाठी निराळं विचारायला हवं. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीबाबतची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात लागू व्हायची आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा ऐकून मलकापूरच्या किराणा दुकानदाराने झोप उडवून घेऊ नये, कारण दंड चुकीचं गांभीर्य पाहून ठरतो. मात्र कायद्याची दिशा ओळखावी. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी ते सांगून घेतलेली हवी आणि देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. संमती मागणारा मजकूर मराठीतही मिळायला हवा, कारण आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत तो मागण्याचा गिऱ्हाईकाला हक्क आहे. वहीत लिहिलेला नंबर वहीतच राहिला तर हा कायदा लागत नाही, पण तोच मोबाईलमध्ये सेव्ह केला की लागतो.

कायदा बाजूला ठेवला तरी विचारण्यात धंद्याचा फायदा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर जास्तच, कारण इथे नंबर एकाचा आणि गिऱ्हाईक दुसरंच, हा प्रकार घरोघरी आहे. बियाणं घ्यायला येतात ते संग्रामपूर तालुक्यातले साठीचे काका, आणि नंबर असतो पुण्याला चाकणच्या कंपनीत कामाला असलेल्या मुलाचा. "मले काही वाचता येत नाई भाऊ, पोराच्या मोबाईलवर येते सगळं," असं ते काउंटरवरच सांगतात, आपण मात्र ते ऐकून सोडून देतो. सोयाबीनचं बियाणं आलं हा मेसेज मग चाकणला जातो, पोरगा शिफ्टमध्ये असतो, रात्री वाचतो, सकाळी बापाला फोन करतो, तोवर काकांनी शेजारच्या दुकानातून पिशव्या उचललेल्या असतात. मेसेज पोचला, वाचलाही गेला, दोन निळ्या टिकल्या आल्या, आणि विक्री झाली नाही.

म्हणून नंबराच्या शेजारी पहिली नोंद करायची ती 'नंबर कोणाचा' याची. स्वतःचा, मुलाचा, सुनेचा, शेजाऱ्याचा. दुसरी नोंद 'कसं कळवायचं' याची: फोन, व्हॉट्सॲपवर लिहून, आवाजी मेसेज, की काहीच नको, येईन तेव्हा बघीन. तिसरी 'कशाबद्दल'. चौथी 'कधी नको'. एका शाळेच्या वहीत उभ्या रेघा मारून हे होतं, त्याला कसलं सॉफ्टवेअर लागत नाही. एखादी ओळ अशी दिसेल: "मोताळा रोडच्या काकू, नंबर सुनेचा, फोनच करायचा, दुपारी दोन ते चार नको, फक्त शिलाई तयार झाली की, ऑफर नको." एवढी ओळ वाचून दुकानातला नवा मुलगाही नीट वागू शकतो. ज्यांचं गिऱ्हाईक जास्त आहे त्यांनी व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं वापरावीत. 'फोन करा', 'फक्त बिल', 'ऑफर चालेल' अशी तीन-चार पुरतात. लेबलं वाढवली की पुढे कोणी लावत नाही.

विचारायचं कसं, यावर अनेकांचं घोडं अडतं. गर्दीच्या वेळी चार प्रश्न कोण विचारणार? एकच विचारा: "काकू, कपडे झाले की फोन करू का मेसेज टाकू?" एवढ्यातून निम्मी माहिती मिळते. ऑफरचं वेगळं विचारायचं ते पुढच्या वेळी, आणि 'नाही' म्हणायला जागा ठेवून: "नवीन माल आला तर महिन्यातून एखादा मेसेज टाकला तर चालेल ना? नको असेल तर तसं सांगा." लेखी विचारायचं तर मजकूर साधा ठेवावा. "आमच्याकडे नवीन माल आला की महिन्यातून जास्तीत जास्त दोनदा मेसेज पाठवू. चालत असेल तर 'हो' लिहा. पुढे कधीही 'बंद' लिहिलं की थांबवू." उत्तर आलं नाही तर तो नकार समजावा. गप्प बसण्याला होकार मानण्याची आपली सवय लग्नाच्या बोलणीतही घोळ घालते, तर इथे काय.

काय कळवायचं यापेक्षा किती उघड कळवायचं, हा प्रश्न जास्त नाजूक आहे. खामगावला रजतनगरी म्हणतात. चांदीच्या खरेदीसाठी तिथे जिल्ह्याबाहेरूनही लोक येतात. समजा एका बाईने भिशीचे पैसे साठवून, घरी न सांगता, लेकीसाठी पैंजण आणि करंडा घडवायला टाकला. तयार झाल्यावर दुकानातून मेसेज गेला: "आपली ३५० ग्रॅमची ऑर्डर तयार आहे, बाकी रक्कम इतकी." मोबाईल घरात पाच जणांच्या हातात फिरणारा. दुकानदाराने काहीही चुकीचं लिहिलेलं नाही, तरी त्या घरात संध्याकाळी काय झालं असेल ते सांगायला नको. तिथे "ताई, तुमची वस्तू तयार आहे, सवडीने या" एवढंच पुरे होतं. वजन, भाव, बाकी हे सगळं काउंटरवर. मेडिकल, पतसंस्थेचे एजंट, पार्लर, डॉक्टरांचा कंपाउंडर यांनीही हाच धडा घ्यावा. उधारीची आठवण ग्रुपवर टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. वसुली होत नाही ती नाहीच, वर माणूस कायमचा तुटतो.

आता साधनं. गिऱ्हाईकाला सगळ्यात कमी त्रास स्टेटसचा होतो. ज्याला पाहायचं तो पाहतो, चोवीस तासांनी ते आपोआप जातं. नवीन माल, दुकान बंद असल्याची सूचना, आजचा भाव, हे सगळं स्टेटसवर चालतं. माझ्या मते लहान दुकानाने जाहिरातीचा पाऊण भाग स्टेटसवरच करावा. त्यानंतर ब्रॉडकास्ट यादी. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. लोक याला अडचण समजतात, मला ती चाळणी वाटते. ज्याला तुमचा नंबर सेव्ह करावासा वाटला नाही, त्याच्या मागे लागण्यात अर्थ काय? यादी मात्र एकच ठेवू नये. कृषी केंद्रवाल्याने कपाशीवाले वेगळे, सोयाबीन-तूरवाले वेगळे, हरभऱ्याचे वेगळे ठेवावेत. घाटावरचे आणि घाटाखालचे हाही भेद करावा, कारण जळगाव जामोदच्या पावसाची आणि मेहकरच्या पावसाची वेळ एक नसते, आणि पेरणी झालेल्या माणसाला बियाण्याचा मेसेज गेला की पुढचा मेसेज तो उघडतच नाही.

कृषी केंद्रांना एक गोष्ट सांगून ठेवतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली, ते वर्ष शेतकरी विसरलेला नाही. फुलं लागायच्या सुमारास "कामगंध सापळे लावा, रोज पतंग मोजा, डोमकळ्या दिसल्या तर तोडून नष्ट करा" एवढा आवाजी मेसेज, आपल्या वऱ्हाडीत, खाली कोणत्याही औषधाचं नाव न टाकता पाठवून पाहा. असे दोन मेसेज कामाचे गेले की तिसऱ्यात फवारणीच्या औषधाचं नाव चालतं. पहिल्याच मेसेजात बाटलीचा फोटो टाकणाऱ्याचं ऐकून घ्यायला कोणी बसलेलं नसतं.

ग्रुप शक्यतो काढू नये. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो. पार्लरच्या ग्रुपमधून एखाद्या मुलीचा नंबर कुठे जाईल याची जबाबदारी ग्रुप काढणारीवर येते. फार लोकांना एकदम सांगायचं असेल तर व्हॉट्सॲप चॅनल काढावं, तिथे एका फॉलोअरला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही.

फोन आणि एसएमएसला ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम आहेत, आणि ते लहान दुकानदारालाही लागू आहेत, हे अनेकांच्या गावीही नसतं. १९०९ वर नोंद करून कोणीही जाहिरातीचे फोन-मेसेज बंद करू शकतं. सगळे बंद करता येतात किंवा बँक-विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू-वाहनं, पर्यटन असे प्रकार निवडून. २०१८ च्या नियमांनी तर फोन की मेसेज, कोणत्या वेळी, कोणत्या वारी, हेही निवडायची सोय दिली. आपल्या वहीतल्या रेघा म्हणजे तीच पसंती, हाताने लिहिलेली. साध्या दहा आकडी नंबरवरून शेकडो लोकांना जाहिरातीचे फोन लावणं नियमात बसत नाही. त्यासाठी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदणी लागते आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवलेले आहेत. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी नोंदणी नसलेल्या नंबरवर कारवाई होऊ शकते. धंद्याचा तोच एक नंबर, बोर्डावर रंगवलेला, पिशव्यांवर छापलेला, आणि तोच बंद पडला तर? नेहमीच्या गिऱ्हाईकाला त्याची वस्तू तयार झाल्याचं सांगायला फोन करणं हा प्रकार वेगळा. तो खुशाल करावा, शक्यतो त्याने सांगितलेल्या वेळी.

आता नजर ठेवण्याकडे येतो. आपण ट्रॅकिंग करत नाही असं दुकानदार म्हणतो, पण निळ्या टिकल्या पाहणं, स्टेटस कोणी पाहिलं त्याची यादी चाळणं, ब्रॉडकास्टच्या मेसेजवर बोट दाबून वाचणाऱ्यांची नावं काढणं, हे ट्रॅकिंगच आहे. ते दिसतं म्हणून पाहावं, हरकत नाही. पण गिऱ्हाईकाला ते जाणवू देऊ नये. "वहिनी, तुम्ही काल सोफ्याचा फोटो पाहिला, मग काय ठरलं?" असा फोन करणारे महाभाग आहेत. विकायची घाई असेल, कबूल, पण ऐकणाऱ्या बाईला वाटतं की हा माणूस आपल्या खिडकीशी उभा आहे. निळ्या टिकल्या बंद ठेवण्याची सोय आहे आणि पुष्कळ लोक ती वापरतात, तेव्हा टिकल्या आल्या नाहीत याचा अर्थ मेसेज वाचला नाही असाही होत नाही. ईमेलचं तर आणखी अवघड. मेल उघडला की नाही हे सांगणारी यंत्रणा त्यात दडवलेल्या एका अदृश्य चित्रावर चालते. ॲपलने २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये अशी चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय दिली, त्यामुळे न उघडलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. त्या टक्केवारीवर विसंबून पैसे खर्च करणाऱ्या एजन्सीकडून हिशेब नीट मागून घ्यावा.

माणसाचा माग काढण्यापेक्षा जाहिरातीचा माग काढावा. शेगावचा एखादा लॉजवाला घ्या. प्रगटदिन, रामनवमी, उन्हाळ्याची सुट्टी या काळात त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, बाकीच्या दिवसांत लागतं. तो रेल्वे स्टेशनजवळ बोर्ड लावतो, नाशिकच्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडे कार्डं ठेवतो, फेसबुकवर पैसे घालतो. कशाने गिऱ्हाईक आलं? यासाठी व्हॉट्सॲपची चॅट सुरू करून देणारी लिंक फार कामाची आहे. 'डब्ल्यूए डॉट एमई' आणि पुढे नंबर अशी ती असते, तिच्या शेवटी आधीच लिहिलेला मजकूर जोडता येतो आणि त्या सगळ्याचा क्यूआर बनवता येतो. स्टेशनच्या बोर्डावरच्या क्यूआरमध्ये मजकूर ठेवा: "स्टेशनवरचा बोर्ड पाहिला, खोली आहे का?" ट्रॅव्हल्सच्या कार्डावर: "नाशिकहून येतोय, खोली आहे का?" समोरच्याला आपण काय पाठवतोय ते डोळ्यांपुढे दिसतं, नको असेल तर तो खोडतो. तुम्हाला महिन्याअखेरी कळतं की कोणत्या बोर्डाचं भाडं वसूल झालं. ज्याला हेही नको त्याने बुकिंगच्या वहीत 'कुठून कळलं' एवढा रकाना वाढवावा. गुगलवर दुकानाची नोंद असेल तर तिथे किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हे आकडे फुकट मिळतात आणि त्यात कोणाचं नाव नसतं. लहान धंद्याला एवढं पुष्कळ झालं.

वेबसाइट असेल तर ती बनवणाऱ्या पोराला एक प्रश्न नक्की विचारा: तिच्यावर कोणाकोणाचे कोड बसवले आहेत? मेटाचा पिक्सेल बहुतेक वेळा न विचारता बसवलेला असतो. त्यामुळे तुमच्या साइटवर कोणी कोणतं पान पाहिलं ते मेटाला कळतं आणि मग त्या माणसाला फेसबुक-इन्स्टावर तुमचीच जाहिरात दिसत राहते. तुम्ही तिथे पैसे देऊन जाहिरात करत नसाल, तर या कोडचा उपयोग तुम्हाला काहीच नाही. काढून टाकायला सांगा. गुगल ॲनालिटिक्स ठेवायचं तर त्यात माहिती किती महिने साठवायची ते ठरवता येतं. दोन महिने पुरतात.

लॉजवाल्यांच्या मोबाईलमध्ये आणखी एक गोष्ट साचलेली असते, ती म्हणजे आधार कार्डांचे फोटो. भाविक व्हॉट्सॲपवर पाठवतात, रजिस्टरमध्ये नोंद होते आणि फोटो गॅलरीत पडून राहतात, लेकरांच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी. नोंद झाली की त्याच दिवशी फोटो काढून टाकावा, चॅटमधून आणि गॅलरीतूनही. यूपीआयवरून नंबर उचलणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. अनेकांच्या यूपीआय आयडीतच मोबाईल नंबर असतो, म्हणून चहाचे दहा रुपये देणाऱ्याला ऑफर पाठवायची नसते.

क्लासवाल्यांनी विशेष जपावं. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती नव्या कायद्याने मागितली आहे, आणि मुलांना नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. दहावीच्या पोरांचे नंबर शाळेबाहेर उभं राहून गोळा करण्याचे दिवस गेले असं समजावं. बोलणी पालकांशीच करावीत.

जुन्या यादीचं काय, हा शेवटचा प्रश्न. पाच वर्षांत साठलेले आठशे नंबर एका झटक्यात पुसायची गरज नाही. एक साधा मेसेज पाठवा: तुमचा नंबर आमच्याकडे आहे, अमुक कारणासाठी वापरतो, नको असेल तर 'बंद' लिहा. ज्याने 'बंद' लिहिलं त्याचं नाव यादीतून काढा, पण वहीत 'नको म्हणाले' अशी तारखेसह नोंद ठेवा. नाहीतर दिवाळीला कोणीतरी जुन्या बिलावरून तोच नंबर पुन्हा यादीत घालतं. सहा महिन्यांत ज्यांनी ना खरेदी केली ना उत्तर दिलं, त्यांना ऑफर बंद करा. आणि यादी दुकानाच्याच मोबाईलवर ठेवा. काउंटरवरचा मुलगा स्वतःच्या फोनवरून गिऱ्हाईकांना मेसेज टाकत असेल, तर तो काम सोडून समोरच्या दुकानात लागेल त्या दिवशी तुमची सगळी यादी त्याच्या खिशातून रस्ता ओलांडेल. दुकानासाठी वेगळं सिमकार्ड घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा, मोबाईलला आणि ॲपलाही लॉक लावा, आणि 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये कोणाकोणाचे कॉम्प्युटर जोडलेले दिसतात ते आज दुकान बंद करायच्या आधीच पाहून घ्या.